दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालत नाही तेव्हा: काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, दुकानासाठी, आडतीसाठी, जिनिंगसाठी छोटं सॉफ्टवेअर करून देणारे. दुसरे, घरच्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट करून तो कॉलेजच्या लॅबमध्ये परीक्षकांसमोर दाखवायला निघालेले विद्यार्थी. दोघांची अडचण एकच असते: इथे चालतं, तिथे चालत नाही.

अशा वेळी बहुतेकजण उलट्या क्रमाने सुरू होतात. आधी अँटिव्हायरस बंद करतात, मग कुठल्या तरी साइटवरून डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडची फाइल) आणून विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमध्ये टाकतात, तरी जमलं नाही तर ‘फॉरमॅट मारू’ म्हणतात. एवढं करून प्रोग्राम चालला तरी नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि पुढच्या दुकानात तेच सगळं पुन्हा करावं लागतं. प्रोग्राम तोच असतो, फरक दोन कॉम्प्युटरमध्ये असतो. म्हणून आधी तो फरक शोधायचा आणि मग हात लावायचा.

उदाहरण म्हणून आडतीचा एक प्रोग्राम धरू. शेतकऱ्याचं नाव, कट्टे, क्विंटल, भाव, हमाली, तोलाई टाकायची आणि पट्टी, म्हणजे त्या मालाच्या हिशेबाची पावती, छापायची. तो छत्रपती संभाजीनगरात लॅपटॉपवर तयार झालाय आणि वसमतच्या हळदीच्या आडतीवर किंवा लातूरच्या मार्केट यार्डात बसवायचाय.

## टप्पा ०: निघण्याआधीची तयारी

यार्डात नेट मिळेलच असं नाही, आणि हंगामात लाइट गेली की मोबाइलची रेंजही कमी होते. त्यामुळे लागणारं सगळं पेन ड्राइव्हवर हवं, आणि तेही ‘ऑफलाइन इन्स्टॉलर’. एक-दोन एमबीचा ‘वेब इन्स्टॉलर’ तिथे जाऊन पुन्हा नेटच मागतो.

पेन ड्राइव्हवर हे ठेवा:

- व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल, एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) दोन्ही
- तुमचा प्रोग्राम डॉटनेटचा असेल तर डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ चा ऑफलाइन इन्स्टॉलर
- डेटा अ‍ॅक्सेसच्या फाइलीत असेल तर अ‍ॅक्सेस डेटाबेस इंजिन, ३२ आणि ६४ बिट दोन्ही
- मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं प्रोसेस मॉनिटर (प्रोग्राम कोणत्या फाइली शोधतो ते दाखवणारं)
- वजनकाट्याच्या केबलचा आणि प्रिंटरचा ड्रायव्हर
- तुमच्या प्रोग्रामची चालती प्रत, आणि त्या प्रतीचा हॅश (फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल

हॅश काढणं सोपं आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयूटिल’ला ‘हॅशफाइल’ हा पर्याय, फाइलचं नाव आणि ‘एसएचए२५६’ एवढं दिलं की एक लांबलचक आकडा मिळतो. तिथे नेलेल्या फाइलचा आकडाही तोच आला तर प्रत शाबूत आहे.

सावधान: दुकानात प्रोग्राम आधीपासून वापरात असेल, तर पहिलं काम डेटा फाइलची प्रत काढून घेणं. दुरुस्ती नंतर. हंगामातल्या पट्ट्या गेल्या तर प्रोग्राम चालू करून काही उपयोग नाही.

## टप्पा १: ‘चालंना’ म्हणजे नेमकं काय, ते काढून घ्या

मुनीम फोनवर म्हणतो, ‘सर, तुमचं सॉफ्टवेअर उघडंना झालंय.’ एवढ्यावर निघू नका. याचे निदान पाच अर्थ होतात: चिन्हावर क्लिक केलं तरी काहीच होत नाही, चौकट येते आणि लगेच जाते, उघडतं पण जुन्या पट्ट्या दिसत नाहीत, सगळं दिसतं पण आकडे किंवा तारखा चुकतात, बाकी ठीक आहे, फक्त छापत नाही. प्रत्येकाचं कारण वेगळ्या टप्प्यावर सापडतं.

स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. पूर्ण स्क्रीनचा, चौकटीच्या वरच्या पट्टीसकट. लोक संदेशातलं ‘एरर’ एवढंच वाचून दाखवतात आणि खालची ओळ सोडून देतात. खरं कारण बहुधा त्याच ओळीत असतं.

मग विचारा: या कॉम्प्युटरवर हे आधी कधी चाललं होतं का? चाललं असेल, तर त्यानंतर काय बदललं? नवीन ऑफिस टाकलं, कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला, विंडोज बदललं? आणि बिघाड दर वेळी होतो की अधूनमधून?

कालपर्यंत चालत होतं आणि आज बंद, असं असेल तर थेट तीन गोष्टी बघा: अँटिव्हायरसने फाइल उचलली का, सी ड्राइव्ह भरलाय का, आणि कॉम्प्युटरची तारीख बरोबर आहे का. जुन्या मशीनमधली सीआर२०३२ ही चपटी बॅटरी संपली की लाइट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सुरक्षित साइट उघडत नाहीत, लायसन्स तपासणारे प्रोग्राम अडतात, आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला मिळतो. बॅटरी किरकोळ किमतीची असते.

चौकट येऊन लगेच जात असेल तर प्रोग्रामवर डबल क्लिक करू नका. आधी कमांड प्रॉम्प्ट उघडा, प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये जा आणि तिथून नाव टाइप करून चालवा. प्रोग्राम मेला तरी संदेश स्क्रीनवर राहतो. सी, पायथन आणि जावाच्या विद्यार्थ्यांची निम्मी कोडी इथेच सुटतात.

## टप्पा २: तिथे पोहोचलंय ते खरंच तुमचं सॉफ्टवेअर आहे का

हा टप्पा हास्यास्पद वाटतो म्हणून लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त वेळ याच्याच पायी जातो.

डेस्कटॉपवरचं चिन्ह पेन ड्राइव्हवर कॉपी करून आणणारे पुष्कळ आहेत. ते चिन्ह म्हणजे नुसता शॉर्टकट, दोन-चार केबीचा. प्रोग्राम मागे राहिला. दुसरं, झिप फाइल उघडून आतल्या आतच एक्झी, म्हणजे प्रोग्रामची मुख्य फाइल, चालवणं. विंडोज तेवढी एकच फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढतं, शेजारच्या डीएलएल आणि डेटा फाइली झिपमध्येच राहतात. आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, मग चालवणं.

तिसरं, ईमेल. जीमेल एक्झी फाइल जोडू देत नाही, झिपमध्ये घातली तरी नाही. मग लोक नाव बदलून पाठवतात आणि पलीकडचा माणूस ते परत बदलायचं विसरतो. त्यात विंडोज एक्स्टेन्शन लपवत असेल तर ‘आडत.एक्झी.टीएक्सटी’ अशी फाइल तयार होते आणि डोळ्यांना ती ‘आडत.एक्झी’च दिसते. एक्सप्लोररमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा म्हणजे खरं नाव दिसेल.

नेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य खूणही ठेवतं. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’ दिसलं तर त्यावर टिक करा. झिप असेल तर उघडण्याआधीच झिपवर हे करा, म्हणजे आतल्या प्रत्येक फाइलवर वेगळं करावं लागत नाही.

तपासा: हॅश जुळतोय? फोल्डरमधल्या फाइलींची संख्या तुमच्याकडच्याइतकीच आहे? दोन्हींना ‘हो’ असेल तरच पुढे. एखादीच एक्झी गायब असेल तर अँटिव्हायरसच्या ‘क्वारंटाइन’मध्ये बघा.

सावधान: अँटिव्हायरस पूर्ण बंद करू नका. तुमच्या फोल्डरपुरती सूट द्या, तीही हॅश जुळल्यावर. यार्डातले पेन ड्राइव्ह दुकानोदुकानी फिरतात, आणि तुम्ही गेल्यावर ते मशीन उघडं राहिलं तर जबाबदारी तुमची.

## टप्पा ३: दोन रकान्यांचा कागद

आता एका कागदावर दोन रकाने करा: ‘माझं मशीन’ आणि ‘त्यांचं मशीन’. खाली या ओळी भरा: विंडोजची आवृत्ती, ३२ की ६४ बिट, ऑफिस कोणतं आणि किती बिटचं, युजरचं नाव, तारखेचा नमुना, स्क्रीनचं स्केलिंग, ड्राइव्हची अक्षरं, डीफॉल्ट प्रिंटर.

विंडोज आणि आर दाबून ‘विनव्हर’ टाकलं की आवृत्ती कळते, ‘एमएसइन्फो३२’ टाकलं की ‘सिस्टीम टाइप’पुढे बिट कळतात. ऑफिसचे बिट एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट, ‘अबाउट एक्सेल’ इथे असतात. विंडोज ६४ बिटचं असून ऑफिस ३२ बिटचं असणं अगदी शक्य आहे, त्यामुळे एकावरून दुसऱ्याचा अंदाज करू नका.

जिथे रकाने जुळत नाहीत त्या ओळीला गोल करा. पुढचे टप्पे त्या गोलांच्या हिशेबाने घ्या, सगळे करायची गरज नाही. स्केलिंगचं इथेच मिटवून टाकू: तुमच्याकडे १०० टक्के आणि त्यांच्याकडे १२५ किंवा १५० टक्के असेल तर ‘सेव्ह’चं बटण स्क्रीनच्या बाहेर जाऊ शकतं. प्रोग्राम बिघडलेला नसतो, बटण दिसत नसतं.

## टप्पा ४: बिटचा आणि विंडोजच्या वयाचा घोळ

‘धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युवर पीसी’ असा संदेश आला तर बहुधा ६४ बिटचा प्रोग्राम ३२ बिटच्या विंडोजवर चालवायचा प्रयत्न झालाय. तिथे करण्यासारखं काही नसतं, ३२ बिटचा प्रोग्राम बनवून आणा. ‘०एक्ससी०००००७बी’ हा आकडा आला तर बहुतेक वेळा ३२ बिटच्या प्रोग्रामला ६४ बिटची डीएलएल मिळालेली असते, किंवा उलट. नेटवरून डीएलएल आणून टाकणाऱ्यांना हा संदेश हमखास भेटतो.

आडतीच्या आणि किराणाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात छळणारा प्रकार अ‍ॅक्सेसच्या डेटाचा. ‘मायक्रोसॉफ्ट.एसीई.ओलेडीबी.१२.० प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड’ असं येतं. माणूस इंजिन टाकतो, तरी तेच येतं, आणि तो चक्रावतो. कारण असं की इंजिनचे बिट विंडोजशी नाही, तुमच्या प्रोग्रामशी जुळावे लागतात. व्हिज्युअल स्टुडिओत ‘एनी सीपीयू’ ठेवून बनवलेला प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर ६४ बिटचा होऊन चालू शकतो आणि तिथे बसलेलं ३२ बिटचं इंजिन त्याला दिसतच नाही.

त्यामुळे क्रम असा ठेवा:

1. प्रोग्राम ‘एक्स८६’ असा स्पष्ट निवडून बनवा.
2. दुकानात ३२ बिटचं ऑफिस असेल किंवा ऑफिस नसेलच, तर ३२ बिटचं इंजिन टाका.
3. ६४ बिटचं ऑफिस असेल तर ३२ बिटचं इंजिन सहसा बसायला नकार देतं. तिथे भांडू नका, ‘एक्स६४’चा वेगळा प्रोग्राम आणि ६४ बिटचं इंजिन द्या.
4. जुनी एमडीबी फाइल ‘जेट ४.०’ने उघडत असाल तर ‘एक्स८६’शिवाय दुसरा मार्गच नाही. जेट फक्त ३२ बिटचं आहे.

माझं मत विचाराल तर नवीन काम अ‍ॅक्सेसवर करूच नका. एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस वापरा. त्याची लायब्ररी प्रोग्रामसोबतच जाते, समोरच्याकडे कोणतं ऑफिस आहे हा प्रश्नच उरत नाही.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, पण दुकानांत आणि लॅबमध्ये ते अजून भेटतं. पायथन ३.९ आणि त्यापुढचं त्यावर चालत नाही, ३.८ हे शेवटचं. ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ने सुरू होणारी डीएलएल नाही असा संदेश विंडोज ७ वर आला तर सर्व्हिस पॅक १ आणि ‘केबी२९९९२२६’ हे अपडेट टाका.

लॅबमधल्या मुलांसाठी आणखी दोन. टर्बो सी++ चे प्रोग्राम १६ बिटचे असतात, ६४ बिटच्या विंडोजवर ते थेट चालणार नाहीत, जुने डॉसचे प्रोग्राम चालवून देणारा डॉसबॉक्स लागतो. त्यातही ‘इनिटग्राफ’मधला बीजीआय फोल्डरचा रस्ता तुमच्या घरचा लिहिलेला असेल तर ग्राफिक्स येणार नाहीत. आणि मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट जुन्या प्रोसेसरवर काही न बोलता मरत असेल, किंवा ‘०एक्ससी०००००१डी’ दाखवत असेल, तर प्रोसेसरला एव्हीएक्स (वेगवान गणितासाठीच्या जादा सूचना) येतं का ते पाहा. टेन्सरफ्लोच्या अधिकृत तयार फाइलींना आवृत्ती १.६ पासून एव्हीएक्स लागतं. लॅबचा प्रोसेसर बदलता येत नाही, तेव्हा स्वतःचा लॅपटॉप न्यायची परवानगी आधीच काढा.

## टप्पा ५: न दिसणारे सोबती

प्रोग्राम एकटा चालत नसतो. तुमच्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ टाकताना त्याच्यासोबत बऱ्याच गोष्टी आल्या, त्या दुकानातल्या मशीनवर नाहीत.

‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल’ किंवा ‘एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल’ सापडत नाही: व्हिज्युअल सी++ चं २०१५ पासून २०२२ पर्यंतचं एकत्र पॅकेज टाका. कोणतं? तुमचा प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर एक्स८६, विंडोज ६४ बिटचं असलं तरीही. संशय असेल तर दोन्ही टाका, ती एकमेकांच्या आड येत नाहीत.

नावात १४० नंतर ‘डी’ असेल तर थांबा. म्हणजे तुम्ही ‘डीबग’ प्रत पाठवली आहे. ती फाइल समोरच्याला द्यायची नसतेच. ‘रिलीज’ प्रत बनवून आणा.

‘लिबजीसीसी’ किंवा ‘लिबएसटीडीसी++’ने सुरू होणारी डीएलएल मागत असेल तर प्रोग्राम मिनजीडब्ल्यूने, म्हणजे बहुधा कोडब्लॉक्स किंवा डेव्ह-सी++ मधून, बनलाय. जोडताना ‘-स्टॅटिक’ हा पर्याय द्या, प्रश्न मिटला.

डॉटनेट ३.५ मागितलं तर ते ‘विंडोज फीचर्स’मधून चालू होतं, पण नेट लागतं. नेट नसेल तर त्याच आवृत्तीच्या विंडोजच्या सेटअपमधला ‘सोर्सेस’खालचा ‘एसएक्सएस’ फोल्डर लागतो.

जावात ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ आलं तर संदेशातला आकडा वाचा: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. लॅबमध्ये जावा ८ आणि तुमचं १७ वर बनलेलं, असंच बहुधा निघतं. कंपाइल करतानाच ‘--रिलीज ८’ द्या.

पायथनवाल्यांची सवय वेगळीच. ते ‘व्हेन्व्ह’ हा प्रोजेक्टपुरत्या पॅकेजांचा फोल्डर जसाच्या तसा पेन ड्राइव्हवर उचलून आणतात. त्या फोल्डरमध्ये तुमच्या मशीनवरच्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तो दुसरीकडे चालणार नाही. ‘पिप फ्रीझ’ने यादी काढा, ‘पिप डाउनलोड’ने सगळी पॅकेजं एका फोल्डरमध्ये घ्या आणि तिथे नवीन व्हेन्व्ह करून नेटशिवाय त्या फोल्डरमधून बसवा. घरचं आणि तिथलं पायथन एकाच आवृत्तीचं आणि तितक्याच बिटचं हवं.

सावधान: ‘डीएलएल फ्री डाउनलोड’ छाप साइटवरून एकही फाइल घेऊ नका. आवृत्ती चुकीची निघते, बिट चुकीचे निघतात, आणि आत काय भरलंय याची खात्री कोणी देत नाही. ज्या पॅकेजमध्ये ती डीएलएल येते ते पॅकेज मूळ कंपनीकडून घ्यायचं, हाच रस्ता.

## टप्पा ६: पत्ते आणि परवानग्या

तुमच्या कोडमध्ये ‘डी:\प्रोजेक्ट\डेटा’ किंवा तुमच्या नावाचा ‘यूजर्स’मधला फोल्डर असेल तर तो दुकानात नसणार. कोडमध्ये कोलनच्या मागे ड्राइव्हचं अक्षर कुठे आलंय ते सगळीकडे शोधा. पेन ड्राइव्हचं अक्षर तर मशीनगणिक बदलतं. डेस्कटॉपचा पत्ता गृहीत धरणंही धोक्याचं, कारण वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप ‘वनड्राइव्ह’ फोल्डरच्या आत गेलेला असतो.

पत्ता प्रोग्रामच्या फोल्डरपासून मोजा, चालू फोल्डरपासून नाही. शॉर्टकटच्या ‘स्टार्ट इन’मध्ये वेगळं काही असलं की चालू फोल्डर बदलतो आणि शेजारी असलेली फाइल ‘सापडत नाही’.

परवानगीचा एक विचित्र प्रकार सांगतो. जुना ३२ बिटचा प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसवला आणि डेटाही तिथेच ठेवला, तर साध्या युजरला तिथे लिहिता येत नाही. विंडोज तक्रार न करता ते लिखाण त्या युजरच्या ‘अ‍ॅपडेटा’, ‘लोकल’, ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरमध्ये वळवतं. मग मुनीम त्याच्या लॉगिनने दिवसभर पट्ट्या करतो, संध्याकाळी मालक स्वतःच्या लॉगिनने उघडतात आणि एकही पट्टी दिसत नाही. चोरीचा संशय येण्याइतकं वातावरण तापतं. डेटा मात्र मुनिमाच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये सुखरूप असतो. डेटा ‘प्रोग्रामडेटा’खाली स्वतःचा फोल्डर करून ठेवा आणि सगळ्या युजरना त्यावर लिहायची परवानगी द्या.

‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने चाललं म्हणजे काम झालं असं समजू नका. परवानगीचा प्रश्न आहे एवढंच त्यातून कळलं. शिवाय अ‍ॅडमिन म्हणून चालवलं की नेटवर्कवरचा ‘झेड’ ड्राइव्ह सहसा दिसेनासा होतो, आणि एक अडचण मिटवताना दुसरी उभी राहते.

## टप्पा ७: मराठी अक्षरं, तारखा, आकडे

हा टप्पा इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही आणि आपल्याकडे मात्र रोज लागतो.

नावाच्या जागी काय दिसतं त्यावरून कारण ओळखा. चौकोन दिसत असतील तर डेटा ठीक आहे, फॉन्ट नाही. विंडोज १० नव्याने इंग्रजीत बसवलं की ‘मंगल’ त्यात नसतो, ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्यावे लागतात. ‘निर्मला यूआय’ मात्र विंडोज ८ पासून असतोच, तेव्हा प्रोग्राममध्ये तोच ठेवा. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर वाईट बातमी: युनिकोड न कळणाऱ्या भागातून मजकूर गेला आणि मूळ अक्षरं पुसली गेली असण्याची शक्यता मोठी. तिथे लगेच काम थांबवा, नाहीतर प्रत्येक ‘सेव्ह’ला आणखी नावं जातील. अर्थहीन रोमन अक्षरं दिसत असतील तर एक तर जुना श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखा फॉन्ट त्या मशीनवर नाही, किंवा यूटीएफ-८ मजकूर वेगळ्या संकेताने वाचला जातोय.

विंडोजच्या ‘नॉन-युनिकोड प्रोग्राम्स’च्या भाषेत मराठी निवडून हे सुटेल असं पुष्कळांना वाटतं. सुटत नाही, कारण देवनागरीसाठी तसं जुनं कोडपेज (अक्षरांच्या संकेतांचा तक्ता) विंडोजमध्ये नाहीच.

लिनक्सवर लिहिलेला पायथनचा प्रोग्राम विंडोजवर आणला की एक मजेदार बिघाड होतो. फाइल उघडताना संकेत सांगितला नसेल तर विंडोजवर तो बहुधा सीपी१२५२ धरला जातो. मग शिंदे आणि पाटील कचरा होऊन का होईना वाचले जातात, आणि देशमुख किंवा कुलकर्णी आले की प्रोग्राम फुटतो. पहिल्या उकाराच्या आणि जोडाक्षरातल्या हलन्ताच्या शेवटच्या बाइटला त्या कोडपेजमध्ये जागाच नाही. त्यामुळे ‘काही शेतकऱ्यांच्याच नावाला बंद पडतं’ अशी तक्रार आली तर हसू नका. फाइल उघडणाऱ्या प्रत्येक ओळीत यूटीएफ-८ स्पष्ट लिहा.

तारखेचं प्रकरण याहून गंभीर. तुमच्याकडे दिवस-महिना-वर्ष, त्यांच्या विंडोजमध्ये अमेरिकी महिना-दिवस-वर्ष. प्रोग्राम तारीख मजकूर म्हणून वाचत असेल तर ५ जूनची पट्टी ६ मे ची होते, तीही कुठलाही संदेश न देता. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत असंच चालतं आणि १३ ला ‘इनव्हॅलिड डेट’ येऊन बंद पडतं. लोक १३ तारखेचा बिघाड दुरुस्त करतात आणि आधीच्या बारा दिवसांच्या उलटलेल्या तारखा तशाच राहतात. त्या शोधून दुरुस्त करा. यापुढे साठवताना वर्ष-महिना-दिवस असाच ठेवा, दाखवताना काहीही दाखवा.

आकड्यातला स्वल्पविरामही बघा. व्हीबीतलं ‘व्हॅल’ हे फंक्शन स्वल्पविराम आला की वाचणं थांबवतं. १,२५,००० चा होतो १.

तपासा: जोडाक्षर असलेलं एक नाव, १२ च्या पुढची एक तारीख आणि लाखाच्या वरची एक रक्कम टाकून पट्टी छापा. तिन्ही बरोबर आलं तर हा टप्पा संपला.

## टप्पा ८: नेटवर्क आणि डेटाबेस

कनेक्शनमध्ये ‘लोकलहोस्ट’ लिहिलं असेल तर दुसरा कॉम्प्युटर स्वतःमध्येच डेटाबेस शोधेल. सर्व्हरचं नाव टाका. मग मायएसक्यूएलचा ३३०६ पोर्ट सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये उघडा, आणि सर्व्हरवर नेटवर्क ‘पब्लिक’ नाही, ‘प्रायव्हेट’ आहे ना ते पाहा. ‘होस्ट इज नॉट अलाउड’ आलं तर फायरवॉल ठीक आहे, मायएसक्यूएलमध्ये त्या युजरला बाहेरून यायची परवानगी नाही. दुकानासाठी वेगळा युजर करा, ‘रूट’ बाहेर उघडू नका.

एक्झॅमच्या प्रोजेक्टमध्ये एक्सअ‍ॅम्पचा अपाचे हा वेब सर्व्हर सुरू होत नसेल तर ८० पोर्ट कुणीतरी अडवलाय, पोर्ट बदला. विंडोजवरची साइट लिनक्स सर्व्हरवर टाकली आणि चित्रं गायब झाली तर फाइलींच्या नावातली लहान-मोठी लिपी बघा. विंडोज फरक करत नाही, लिनक्स करतं.

## टप्पा ९: वजनकाटा

वजनकाटा यूएसबी केबलने जोडलेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’खाली कॉमचा नंबर बघा. तुमच्याकडे कॉम३ होता, तिथे कॉम७ असेल. केबल दुसऱ्या खाचेत घातली तरी नंबर बदलू शकतो, म्हणून खाचेवर चिकटपट्टी लावून खूण करा आणि नंबर प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ठेवा, कोडमध्ये नको. जुन्या प्रोग्रामना कॉम१० आणि पुढचे नंबर उघडता येत नाहीत. पोर्टच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधून नंबर ९ च्या आत आणा. वजनाऐवजी कचरा येत असेल तर पोर्ट बरोबर आहे, बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, चुकलाय.

## टप्पा १०: तरीही कळत नसेल तर

इथपर्यंत अंदाजाने चाललो, आता पुरावा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ‘विंडोज लॉग्ज’, ‘अ‍ॅप्लिकेशन’. प्रोग्राम मेला त्या मिनिटाची लाल नोंद शोधा. आयडी १००० असेल तर ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ कोणतं ते वाचा. तिथे तुमच्या प्रोग्रामऐवजी प्रिंटरच्या ड्रायव्हरचं नाव निघालं तर कोड चाळण्यात अर्थ नाही. डॉटनेटचा प्रोग्राम असेल तर १०२६ ची नोंद जास्त बोलकी असते.

तेवढ्याने भागलं नाही तर प्रोसेस मॉनिटर. फिल्टरमध्ये फक्त तुमच्या एक्झीचं नाव टाका, नोंद सुरू करा, प्रोग्राम चालवा, मेला की नोंद थांबवा. मग खालून वर वाचा. ‘नेम नॉट फाउंड’ शेकड्याने दिसतील, घाबरू नका. विंडोज एक फाइल अनेक फोल्डरमध्ये शोधतं आणि प्रत्येक अपयश लिहितं. मरण्याच्या जरा आधी जी फाइल सगळीकडे शोधूनही कुठेच सापडली नाही, ती तुमची. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ दिसलं तर टप्पा ६ कडे परत.

सावधान: एका वेळी एकच बदल. बदल केला, चालवून पाहिलं, फायदा नाही तर तो परत घेतला आणि कागदावर लिहिलं. तीन गोष्टी एकदम बदलून चाललं, तर कोणती लागू पडली ते कधीच कळणार नाही.

## टप्पा ११: उठण्याआधी

तुमच्या अ‍ॅडमिन लॉगिनमधून बाहेर या. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. मुनिमाला त्याच्या लॉगिनने बसवा आणि तुम्ही माउसला हात लावू नका. त्याने नेहमीच्या पद्धतीने एक पट्टी करायची, छापायची, प्रोग्राम बंद करायचा, पुन्हा उघडायचा आणि तीच पट्टी शोधून दाखवायची. मग मालकांच्या लॉगिनने तीच शोधायची. चाचणीची पट्टी शेवटी काढून टाका, नाहीतर महिनाअखेरीस हिशेबात एक जास्तीचा शेतकरी निघेल.

अँटिव्हायरसची सूट तुमच्या फोल्डरपुरतीच राहिली का ते पाहा. दुरुस्तीसाठी बदललेली आणि उपयोग न झालेली प्रत्येक सेटिंग परत जागेवर ठेवा.

घरी आल्यावर एक काम: तुमचं विंडोज प्रो असेल तर ‘विंडोज सँडबॉक्स’ चालू करा. होम आवृत्तीत ते नसतं, तिथे व्हर्च्युअल मशीन वापरा. सँडबॉक्स दर वेळी कोरं विंडोज उघडतं, त्यात तुमचा व्हिज्युअल स्टुडिओ नाही, पायथन नाही, काही नाही. पुढची प्रत आधी त्यात बसवून बघा. टप्पा ५ मधल्या बहुतेक तक्रारी तिथेच, तुमच्या टेबलावर दिसतात. तारखेचा नमुना सँडबॉक्समध्ये मुद्दाम अमेरिकी ठेवा.

दोन रकान्यांचा तो कागद फाडू नका. त्याचा फोटो काढून दुकानाच्या नावाने ठेवा, आणि एक प्रत इन्स्टॉलरसकट त्यांच्याच कॉम्प्युटरवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून मुनिमाला जागा दाखवा.